घायपाताचं कुंपण आणि पुढची कौलं

घराच्या बांधकामावर मी लिहावं, हे धाडसच आहे. मी गवंडी नाही, सुतार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा पहिला मीच, आणि त्या जोरावर एकदा छपराबद्दल फार ठामपणे बोललो होतो. तेवढंच सांगतो. चुकलं तर जाणत्यांनी क्षमा करावी.

दुसऱ्या महायुद्धाचे, लढाईचे दिवस होते. मी सांगलीला शिकत होतो. तिथे नवे बंगले उठत होते. लाल मंगलोरी कौलं, पुढे मेंदीचं कातरलेलं कुंपण. माण तालुक्यात आमच्या गावी त्याच वर्षी माझ्या वडिलांनी, आबांनी, नव्या घराच्या भिंती उभ्या केल्या होत्या. गावातली सगळी घरं धाब्याची, सपाट छपरावर पांढरी माती. मी नाताळच्या सुट्टीत गेलो आणि म्हणालो, "आबा, धाबं नको. कौलं घालू."

"आन् बाजरी वाळवायची कुठं? तुझ्या पुस्तकावर?" आई म्हणाली.

शेवटी तिनंच तोड काढली. पुढच्या सोप्याला कौलं, मागं धाबं.

कौलं चढू लागली तेव्हा गवंडी एक कौल उलटं करून मला दाखवू लागला. "मास्तर, ह्ये भोक बघा. हितनं तार घालून खालच्या लाकडी रिपेला बांधायचं. हितलं वारं लय वंगाळ हाय."

तार लढाईमुळे कुठेच मिळत नव्हती. मी म्हणालो, "सांगलीत कुणी बांधत नाही. वजनानंच बसतात."

"सांगलीत नदी हाय, झाडं हायती. हितं वाऱ्याला आडवं कोण हाय? तुमी?"

सगळे हसले. आबा हसले नाहीत. माझ्याकडे बघत म्हणाले, "तू म्हंतोस तर ऱ्हाऊ दे." त्यांनी एवढ्या विश्वासानं माझं कधी ऐकलं नव्हतं. मला दुप्पट चेव आला. अंगणापुढचं घायपाताचं काटेरी कुंपण मी अर्धं उपटायला लावलं आणि त्या जागी सांगलीहून आणलेल्या मेंदीच्या काड्या लावल्या.

मग मी सांगलीला परत आलो. परीक्षा तोंडावर होती. एके दिवशी बाजारात घोंगड्या विकायला आलेला गावचा माणूस भेटला. म्हणाला, "लय मोठी वावटळ झाली गड्या. शाळंचं पत्रं पार वढ्यात."

"आणि आमचं घर?"

"त्ये न्हाई बघितलं. तुमच्या आळीला गेलोच न्हाई, तसाच बाजाराला निघालो."

त्या आठवड्यात मला अभ्यास सुचला नाही. डोळ्यांपुढे उघडा सोपा यायचा आणि आबांचं ते "तू म्हंतोस तर" ऐकू यायचं. गावातले लोक आता त्यांना काय म्हणत असतील? मी पत्र टाकलं. उत्तर येईना.

अखेर कार्ड आलं. आबांनी सांगितलेलं, शाळेच्या गुरुजींनी जसंच्या तसं उतरवलेलं:

"एक बी कौल हाललं न्हाई. तू गेल्यावर तुज्या आईनं उपटल्याल्या घायपाताची पानं डबक्यात कुजत घातली. त्येचा वाख काडून सुतळी वळली. गवंड्यानं आन् मी मिळून समदी कौलं बांदून घेतली. परीक्षंच्या आदी तुला कळवू नगं म्हनली तुजी आई, पर तुजं पत्र बघून लिवतोय. मेंदी शेरडांनी खाल्ली. उरल्यालं घायपात तसंच ठिवलंय. सुट्टीला आलास की मागल्या बाजूला बी कौलंच घालू, बाजरी अंगणात वाळंल. सुतळी वळाय लागलोय."