चवीपुरता गूळ

तिसरी घंटा झाली आणि पडदा सरकला, असं समजा. मार्केट यार्डातलं गुळाचं गोदाम. सकाळचं तिरपं ऊन पिवळ्याधमक रव्यांवर पडलंय, त्या ढेपांभोवती व्यापाऱ्यांचं आणि शेतकऱ्यांचं कोंडाळं, आणि मधोमध तवनाप्पा. भरदार देह, पुढं आलेलं पोट, खणखणीत आवाज. आमच्या नाटक कंपनीत असता तर राजाची भूमिका त्यालाच मिळाली असती.

दाराशी त्याची बायको उभी होती, त्रिशला. आदल्या दिवशी जैन बस्तीच्या, म्हणजे त्यांच्या देवळाच्या, पायऱ्या चढताना त्याला धाप लागली होती, आणि आज तो हृदयाच्या गोळ्या घरीच विसरला होता. तिला गोदाम ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांचा शेजारी या नात्यानं मी सोबत आलो.

तवनाप्पाला मधुमेह. डॉक्टरांनी वर्षापूर्वी बजावलं होतं, "साखर आहेच, त्यात हे पोट. दोन्ही मिळून हृदयावर येईल. वजन उतरवा." त्याच दिवशी नवरा-बायकोनं बस्तीत जाऊन गोड सोडण्याचा नियम घेतला. देवासमोर घेतलेला नियम त्यांच्या घरात कुणी मोडलेला नाही, त्यामुळं त्रिशलानं कधी साधी चौकशीसुद्धा केली नाही. तिला स्वतःला कसलाच आजार नव्हता. तरी चहा बिनसाखरेचा, आमटी बिनगुळाची, आणि दर रविवारी दोघं वजनकाट्यावर. ती वाळत गेली, तो होता तसाच.

"तवनाप्पा, पथ्य तुझं आणि लागू पडलं वहिनींना!" मी थट्टा करायचो.

"त्यांची अंगकाठीच तशी हाय, काका," ती त्याची बाजू घ्यायची.

आणि आता तिच्या देखत त्यानं रव्याचा टवका काढला, तोंडात टाकला, डोळे मिटून चघळला. "झकास हाय की!" मग दुसरा रवा, दुसरा टवका. मग तिसरा.

"अहो!"

तवनाप्पाचा हात तसाच राहिला. "अगं, ही चव हाय. खाणं न्हवं. चव घेतल्याबिगर भाव कसा काढायचा?"

"मग थुंकायचा."

"शेतकऱ्यासमोर त्याचाच गूळ थुंकू? काय वाटंल त्याला?"

"आणि हे रोज चालतं?"

शेजारचा एक व्यापारी मोठ्यानं म्हणाला, "वहिनी, शेठच्या जिभेवर तर इथला भाव ठरतोय!" एकटाच हसला, मग तोही थांबला.

रंगभूमीवर मी पुष्कळ जणींना फसवणूक कळल्यावर टाहो फोडताना पाहिलंय. त्रिशला रडली नाही. जवळ गेली, गोळ्यांची डबी त्याच्या गुळानं चिकट झालेल्या हातावर ठेवली.

"घरी जा बघू," तो खालच्या आवाजात म्हणाला. "जिवाला लावून घेऊ नकोस, तुलाच त्रास होईल."

तिनं त्याच्याकडं सरळ पाहिलं.

"वर्षभर पथ्य मी पाळलं. आता दुखणंबी मीच घेऊ व्हय?"