टर्बोची दोन मिनिटं

आमच्या ह्यांनी दोन वर्षांचे सगळे रविवार मुलुंडच्या गाळ्यात घालवले. जुन्या हॅचबॅकमध्ये भंगारातून आणलेलं डिझेल इंजिन बसवलं, इंधनाचा पंप स्वतः सेट केला, वर इंजिनाचा जोर वाढवणारा टर्बो चढवला. गाडी अशी सुटायची की मी दाराचं हँडल घट्ट धरून बसायचे.

पण घरी पोचल्यावर हे लगेच उतरायचे नाहीत. तापलेलं इंजिन एकदम बंद केलं तर टर्बोला तेल मिळत नाही, तो जळतो, म्हणून इंजिन चालू ठेवून दोन मिनिटं गाडीतच बसायचे. मी गॅलरीतून ओरडायचे, "अहो, येताय की तिथेच ताट आणून देऊ?"

त्या दुपारीही खाली इंजिन धडधडत होतं. बसलेत टर्बोची सेवा करत, म्हणत मी बांगडे तव्यावर टाकले. एक बाजू झाली, दुसरी झाली, तरी आवाज चालूच. आज चांगलंच सुनावायचं ठरवून तणतणत खाली गेले.

त्यांचं डोकं स्टिअरिंगवर टेकलेलं होतं. श्वास थांबला होता, हात गार पडले होते.

चावी फिरवून इंजिन मीच बंद केलं. टर्बोला त्या दिवशी हवा तेवढा वेळ मिळाला होता.