उशिरा लावलेले कंद

फेब्रुवारीतल्या एका सकाळी समोरच्या गॅलरीत मालतीवहिनी कुंड्यांपुढे बसलेल्या दिसल्या. दिवाळीत त्यांच्या मुलीने परदेशातून डॅफोडिलचे कंद आणले होते. आपल्याकडे थंडी कमी, तेव्हा दीड महिना फ्रिजमध्ये ठेव आणि डिसेंबरात लाव, असं ती सांगून गेली होती. पण डिसेंबरात नाना, म्हणजे वहिनींचे यजमान, बाथरूममध्ये घसरून पडले. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. कंद भाजीच्या कप्प्यात तसेच राहिले.

"आता कशाला लावतेस? नागपूरचं ऊन सुरू झालं," नाना खुर्चीतून म्हणाले.

"कोंब आलेत त्यांना," वहिनी म्हणाल्या. "टाकवत नाहीत."

मला नानांचं पटत होतं. पण मग वाटलं, उशीर झाला हे आपण ठरवतो. त्या कंदांनी तर फ्रिजच्या अंधारात कुणाला न विचारता वाढायला सुरुवात केली होती.

वहिनींनी कुंड्या सावलीत ठेवल्या आणि पाणी घालायचं काम नानांना दिलं. डॉक्टरांनी कितीदा सांगूनही न हलणारे नाना त्यासाठी रोज वॉकर धरून गॅलरीपर्यंत येऊ लागले. बहुतेक कंदांना नुसती पानं आली, तीही पिवळी पडली. मार्चमध्ये एकच लहानसं फूल उमललं. ते दोन दिवस टिकलं.

तिसऱ्या दिवशी नानांनी मला हाक मारली.

"तुमच्याकडे रिकाम्या कुंड्या असतील तर टाकू नका," ते म्हणाले. "या डिसेंबरात वेळेवर लावू."