बंबातलं कोमट पाणी

लाल पट्ट्यांची कोळंबी टाकीतल्या वाळूवर आडवी पडली होती. पाय हलत होते, पण तिला सरळ होता येत नव्हतं. शेजारचं समुद्रफूल, फुलासारखा दिसणारा तो जीव, मुठीएवढं आक्रसलं होतं. गोगलगायी काचेवरून गळून पडल्या होत्या. मासे मात्र मजेत फिरत होते. ठेकेदारसाहेबांच्या हॉलमध्ये मी उभा होतो.

खाऱ्या पाण्याची टाकी आमच्या दुकानाने जालन्यात पहिल्यांदाच बसवली होती. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. मंठ्याकडच्या खेड्यातला, घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. दुपारनंतर सलीमभाईंच्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात काम करायचो आणि दुकानामागच्या खोलीत राहायचो. काम गेलं तर खोली जाणार, आणि खोली गेली तर कॉलेज. सलीमभाई माल आणायला मुंबईला गेले होते. टाकी माझ्यावर सोपवून.

अशा टाकीसाठी समुद्राचं पाणी घरीच बनवतात. शुद्ध पाण्यात खास मीठ मिसळायचं. रोज थोडं पाणी उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं. म्हणून जेवढं उडालं तेवढं बिनमिठाचं शुद्ध पाणी वरून घालायचं. त्यासाठी आम्ही बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणून दिले होते.

मी हायड्रोमीटर बुडवला. मीठ बरोबर होतं. थर्मामीटर बरोबर. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. त्याचीही टेस्ट केली. साफ. सगळं बरोबर आणि समोर जीव मरत होते. मला जास्त भीती त्याचीच वाटली.

ठेकेदारसाहेबांच्या मिसेस दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काकू, वरचं पाणी कॅनमधलंच घालता ना?"

"हाव रे बाबा. तू सांगितलं तसंच करून राह्यले. पाणी गार नको म्हणला होतास ना? मंग रात्री कॅन बंबात ओतून ठेवते, सकाळी कोमट करून घालते. थंडी केवढी पडली. गारठतील न्हाई का बिचारे?"

"कोणत्या बंबात?"

"आता घरात बंब असतात तरी किती? ये, दाखवते. कालच चिंचेनं घासलाय."

मागच्या अंगणात बंब होता. तांब्याचा. लख्ख.

रात्रभर त्या पाण्यात तांबं उतरत होतं. थोडं तांबं माशांना सोसतं. कोळंबी, गोगलगायी, समुद्रफूल यांना अजिबात सोसत नाही. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले की तांब्याचं औषध देतात. ती बाटली या टाकीजवळ न्यायलासुद्धा सलीमभाईंनी मनाई केली होती. मला सगळं ठाऊक होतं. काकूंना मी एवढंच म्हणालो होतो, पाणी गार नको.

आम्ही आत आलो तर साहेब टाकीसमोर.

"काय रे? हे मरून का राह्यलेत?"

काकूच म्हणाल्या, "माझ्या बंबानं काही झालं का रे?"

साहेब बायकोकडे वळले. "तुला कोण म्हणलं हात लावायला? माशांना आंघोळ घालते का? उद्या उटणं लावशील!"

काकू खाली बघू लागल्या. तेव्हाही मी गप्प राहिलो असतो तर चाललं असतं. खोली वाचली असती. तो विचार माझ्या मनात आला, हे मी लपवत नाही.

"साहेब, काकूंची चूक न्हाई. तांब्याचं भांडं चालत न्हाई हे मी सांगायला पाहिजे होतं. न्हाई सांगितलं."

साहेबांनी फोनकडे बोट केलं. "सलीमला फोन लाव," एवढंच म्हणाले.

मी त्यांच्याच फोनवरून मुंबईच्या लॉजचा नंबर फिरवला. सगळं सांगितलं, चूक माझी हेही. सलीमभाई म्हणाले, "साब के सामने बोला?"

"हो."

"ठीक है. रोना बाद में. जो जिंदा है उसको बालटी में निकाल. पानी बदल. फिल्टर में कार्बन डाल, वो तांबा खींचेगा."

बादली प्लास्टिकची आहे ना, हे मी तीनदा बघितलं. उरलेल्या कॅनमधून नवीन पाणी बनवलं. काकू बाजूला बसून मीठ ढवळत होत्या. कोळंबी संध्याकाळपर्यंत गेली. गोगलगाय एकही वाचली नाही. समुद्रफूल चौथ्या दिवशी अर्धं उघडलं, आणि जगलं.

तांबं दगडांत आणि वाळूत मुरून बसतं, म्हणून दोन्ही बदलावी लागली. खोली राहिली. पण त्यानंतर दोन महिने सलीमभाई मला एकट्याला कुठल्याच घरी पाठवत नव्हते.

आता टाकी बसवून झाली की सूचना देण्याआधी मी त्या घरचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर बघून घेतो. लोक आपण सांगितलेलं ऐकतातच. वर स्वतःची माया घालतात. ती कोणत्या भांड्यातून घालतात, ते विचारणं आपलं काम.