करंट बंद असतानाचा उजेड

डोळ्यात बसवलेल्या कृत्रिम पडद्याचा करंट जुळवून देणं हे माझं काम. मी करंट सोडल्यावर उजेडाचा ठिपका दिसला की पेशंटनं सांगायचं असतं. वीस वर्षं अंध असलेल्या कुसुमताई त्या दिवशी प्रत्येक वेळी "दिसला!" म्हणत होत्या. खात्री करायला मी करंट बंद ठेवला आणि नुसतंच विचारलं, "आता?"

"दिसला की! मघापेक्षा ठळक," त्या हसून म्हणाल्या.

यंत्राचा दिवा विझलेला त्यांच्या यजमानांनी पाहिला आणि मान खाली घातली.

अंधाराची माणसाला सवय होते म्हणतात. ताईंना वीस वर्षांत ती झालेली नव्हती.

मी कागदावर 'चूक' असं लिहिलं. पेनाचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "बरोबर लिहिलंत ना?"

मी "हो" म्हटलं.