पाट्यावरचं वॉर्निश

"अहो बाई, हात लावू नका. वस्तू जुनी आहे."

संग्रहालयाचे मालक म्हणाले, तसा माझ्या आईनं हात झटकन मागं घेतला. समोर पाटा होता. दगडाचा, वाटणाचा. आम्ही वडार. असल्या पाट्यांना टाकी लावण्यात आईची निम्मी हयात गेली. वापरून दगड गुळगुळीत झाला की छिन्नी-हातोड्यानं त्याला पुन्हा बारीक टोचे मारायचे, म्हणजे मिरची धड वाटली जाते. मला पाठीशी बांधून तिनं सगळ्या पेठा पायाखाली घातल्या. मग घरोघरी मिक्सर आले आणि काम संपलं.

संग्रहालय म्हणजे या निवृत्त गृहस्थांच्या बंगल्यातल्या खालच्या दोन खोल्या. जुन्या स्वयंपाकघरातल्या वस्तू. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ऑफिसात कुणीतरी कौतुक केलं, म्हणून रविवारी आईला वारज्याहून हौसेनं घेऊन गेले. आपलं काम लोकांनी मांडून ठेवलंय, तिला बघू दे. ती नवं पातळ नेसली होती.

प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी. अमक्या घराण्याकडून भेट. पाट्याखालीही तेच. ज्यांनी त्यावर वाटून खाल्लं त्यांचं नाव. ज्यांनी तो घडवला त्यांचा पत्ताच नाही. वर त्या दगडाला वॉर्निश फासलेलं. चकाचक. किळस आली मला.

आई हळूच म्हणाली, "ह्याला टाकीच न्हाई. ह्यावर काय वाटणार?"

गृहस्थांनी ऐकलं. तुम्हाला कसं कळतं, म्हणून विचारलं. मी ताठ मानेनं सांगितलं, आम्ही कोण ते. वाटलं, आता खुर्ची देतील, आईला चार गोष्टी विचारतील. त्यांचा चेहरा खुलला खरा. पाट्याशेजारी मांडलेला हातोडा त्यांनी उचलला आणि आईपुढं धरला. आता हात लावलेला चालत होता.

"बसा ना इथे, खाली. पदर घ्या डोक्यावर. कसं जिवंत वाटेल बघा."

बघायला आलेल्या दोन बायका मोबाइल काढून सरसावल्या. आईनं माझ्याकडं पाहिलं. आणि मी काय म्हणावं?

"बस ना आई. एकच फोटो."

चार शिकलेली माणसं गोड बोलली आणि मी विरघळले. लाज वाटते सांगताना. आई गुडघे धरत खाली बसली. फोटो निघाले. गृहस्थ मान तिरकी करून बघत होते. मग म्हणाले, "मनगटावरचं घड्याळ काढा. खरं वाटत नाही."

आई निमूटपणे पट्टा सोडायला लागली. तिथं माझं डोकं फिरलं.

"आई, ऊठ. घड्याळ राहू दे."

हातोडा मी गृहस्थांच्या हातात दिला. बायकांसमोर उभी राहून एकेक फोटो पुसायला लावला. गृहस्थ तिरकस हसले, आम्ही तुमचा सन्मानच करत होतो म्हणाले.

"सन्मान उभ्या माणसाचाही करता येतो," मी म्हणाले.

रिक्षात मी त्यांना शिव्या घालत होते. आई बाहेर बघत होती. मान न वळवता म्हणाली.

"त्यांच्या सांगण्यानं मी बसले न्हाई. तू म्हणलीस म्हणून बसले."

त्या माणसाची शिसारी आली होतीच. त्याहून जास्त माझी मला आली. मी माफी मागितली नाही. माफीनं हे मिटणारं नाही. पण एक ठरलं. यापुढं माझ्या आईला कुणी असं खाली बसवलं, तर त्याची गाठ माझ्याशी आहे. त्यात मीसुद्धा आले.