माऊस, मामा आणि माझं डोकं

मला राग येत नाही, असं आमच्या घरात फक्त मीच म्हणते. बाकीचे ते ऐकतात आणि काचेची भांडी उचलून आत ठेवतात.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. उस्मानाबाद जिल्ह्यात सलग दुसऱ्या वर्षी पावसाचा पत्ता नव्हता, ऊस रानातच वाळून गेला होता, आणि आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्यानं नेमका त्याच वर्षी संगणक आणला! (प्यायला टँकर, दाखवायला संगणक.) ऊस नाही म्हणून गाळप बंद, गाळप बंद म्हणून निम्मे कामगार बाकड्यावर बसून. संगणकाच्या खोलीला मात्र एसी! मी सोलापूरला सहा महिन्यांचा कोर्स करून आले होते. "आठवडाभर काम करून दाखव, मग बघू," असं चेअरमनसाहेब म्हणाले. शनिवारी संचालक मंडळ जमणार होतं. त्यांच्यापुढं माऊस हलवून पडद्यावरचा बाण फिरवून दाखवायचा. फिरला तर नोकरी माझी, नाही फिरला तर चेअरमनसाहेबांच्या पुतण्याची. पुतण्याला ते यंत्र सुरू कुठून करतात हेही ठाऊक नव्हतं, पण त्याला राग येत नव्हता, हा त्याचा मोठाच गुण.

सोमवारी मी यंत्र सुरू केलं. कीबोर्ड चालला, बाण मात्र दिसेचना. दोष उघड होता. यंत्र जागं होताना एक फाईल वाचतं. आपल्याला काय काय जोडलंय आणि त्याच्याशी बोलायचं कसं, हे त्याला तिथून कळतं. हे बोलणं करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. त्या फाईलीत माऊसच्या ड्रायव्हरची ओळच नव्हती! ज्यानं यंत्र विकलं त्यानं हार घालून घेतला, पेढा खाल्ला आणि ओळ न लिहिताच पुण्याला निघून गेला. मी दिवसभर त्याचा उद्धार केला.

संध्याकाळी घरी आले तर ओसरीवर किसनमामा भाकरी खात बसलेले. हे आईचे धाकटे भाऊ, त्याच कारखान्यात फिटर. वीस वर्षं त्यांनी उसाच्या चरकाची बेअरिंगं राखली होती, आणि यंदा चरकच बंद. हात शिवशिवायचे बिचाऱ्यांचे. घरातल्या शिलाई मशीनला त्यांनी त्या महिन्यात चारदा तेल घातलं होतं.

"काय झालं गं? तोंड का फुगलंय?" आईनं विचारलं.

"माऊस चालत नाही!"

"आगं मग दम धर की. लगीच कशाला भडकतीस?"

"मी भडकले नाहीये!" मी ओरडले.

मामांनी शांतपणे विचारलं, "आतमंदी काय आसतंय त्याच्या?"

"गोळी असते मामा, गोळी! ती टेबलावर फिरते!"

"फिरती गोळी," मामा म्हणाले. घास तसाच हातात राहिला. "आन् कोरडीच फिरती?"

"मग काय तुपात फिरणार?"

मामांनी घास ताटात ठेवला. पाणी प्यायले आणि उठले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण रागावलेल्या माणसाला दुसऱ्याचा चेहरा कुठला दिसायला!

मंगळवारी दुपारी मी ओळ लिहिली. माऊस मागच्या दुसऱ्या खोबणीत लावला होता, म्हणून ओळीच्या शेवटी दोनचा आकडा घातला. आधी वहीत लिहिली, मग यंत्रात. यंत्र बंद करून परत सुरू केलं. बाण आला! पडद्याच्या कोपऱ्यात ऐटीत उभा राहिला. मी माऊस डावीकडं सरकवला. बाण उभा. उजवीकडं सरकवला. उभा. गरागरा फिरवला, तरी बाण ढिम्म!

म्हणजे ओळ चुकली, असं मी ठरवलं. (ओळ चुकली असती तर बाण आलाच नसता, एवढं साधं डोक्यात येऊ नये? नाही आलं. डोक्यात दुसरंच काहीतरी उकळत होतं.) वहीतलं ते पान मी टराटरा फाडून टाकलं.

बुधवारी मी नऊ निरनिराळ्या ओळी थेट यंत्रातच लिहून पाहिल्या. आता बाणही गेला. मग मला साक्षात्कार झाला, की कीबोर्डचा आणि माऊसचा आपसात तंटा आहे! फ्लॉपीवर कीबोर्डचे वेगवेगळ्या देशांचे ड्रायव्हर होते. त्यातला एक मी घातला. तो निघाला फ्रान्सचा! 'ए' दाबला की 'क्यू' उमटायचा, 'झेड' दाबला की 'डब्ल्यू'. आकडा हवा तर दुसऱ्या हातानं शिफ्टचं बटण दाबून धरायचं. मी बदलाबदलीचा तक्ता करून पडद्याला चिकटवला आणि गुरुवारभर तो बघून टाईप केलं.

मामा दारातून डोकावले. "कसं चाललंय?"

"दिसत नाही का कसं चाललंय?"

"न्हाय, म्हंजी... माऊस आता हलका चालत आसंल की."

"कसला हलका? मेलाय तो!"

मामांचा चेहरा उतरला. म्हणाले, "आदी जसं हुतं तसं करता यीत न्हाय व्हय?"

"मामा, तुम्हाला यातलं कळतं का काही?"

मामा मान खाली घालून निघून गेले. आणि मूळ फ्लॉपी, जी घालून यंत्र सुरू केलं की सगळं आधीसारखं झालं असतं, ती माझ्या हाताशी टेबलाच्या खणातच होती!

शनिवार उजाडला. संचालक एसीखाली दाटीवाटीनं बसले. पुढच्याच खुर्चीत चेअरमनसाहेब, अंगावर परीटघडीचं धोतर. शेजारी पुतण्या हसतमुख. दाराशी मामा, कारण कारखान्यात कुठलंही यंत्र सुरू करताना नारळ फिटरनं फोडायचा ही रीत. मी पहाटेपर्यंत डोकं फोडलं होतं, पण बाण काही परत आला नव्हता. मी माऊस सरकवला. पडदा रिकामाच.

"चालतंय का?" चेअरमनसाहेबांनी विचारलं.

"चालेल की साहेब, तिला वेळ द्या," पुतण्या गोड आवाजात म्हणाला.

त्या गोड आवाजानं माझं डोकं फिरलं. मी माऊस उचलला आणि टेबलावर आपटला! एकदा नाही, तीनदा! खालचं झाकण उडालं, गोळी बाहेर पडली, टेबलावरून घरंगळली आणि टपकन चेअरमनसाहेबांच्या मांडीवर उतरली. पांढऱ्या धोतरावर काळाकुट्ट पट्टा ओढत गुडघ्यापर्यंत गेली आणि तिथंच चिकटून बसली.



"हे काय आहे?" चेअरमनसाहेबांनी विचारलं.

"ग्रीस हाय सायेब," दारातून मामा म्हणाले. "चरकाचं. चांगल्यातलं."

"ग्रीस?" मी किंचाळले.

"आगं, कोरडी फिरती म्हनलीस न्हवं तू? म्या मंगळवारी सकाळीच यिऊन दाबून भरलं. कोरडं बेअरिंग किती दिस टिकंल?"

मला मामांवर ओरडायचं होतं. तोंड उघडलंही. पण वीस वर्षं ज्या माणसानं एकही बेअरिंग जळू दिलं नव्हतं, तो हातात नारळ धरून चोरासारखा उभा होता, आणि 'कोरडी' या प्रश्नाला तुपाचं उत्तर मी दिलं होतं. माझी मलाच लाज वाटली.

मामांनी चिंधी आणि रॉकेल आणवलं. गोळी पुसली, आतल्या दांड्या काडीनं साफ केल्या, सगळं कोरडं केलं. "आता तुजं काम," म्हणाले. मी खणातली फ्लॉपी काढली, यंत्र तिच्यावर सुरू केलं, फ्रान्स गेला. आता ओळ. वही उघडली तर मंगळवारचं पान मीच फाडलेलं! पण रागात मी इतकं दाबून लिहिते की खालच्या कोऱ्या पानावर तिचा ठसा उमटला होता. तिरकं धरून वाचला, शेवटच्या दोनच्या आकड्यासकट तोच टाईप केला. यंत्र परत सुरू केलं, आणि बाण पडदाभर धावायला लागला. पहिलीच ओळ बरोबर होती! चार दिवस मी माझ्याच बरोबर उत्तराशी भांडत होते.

चेअरमनसाहेबांनी गुडघ्यावर रुमाल झाकून स्वतः बाण फिरवून पाहिला. मामांनी नारळ फोडला. (बाहेर, पायरीवर. आत फोडू दिला नाही.)

सोमवारी नेमणुकीचं पत्र मिळालं. नोकरी माझीच होती! खाली एक ओळ जास्तीची होती: संगणक विभाग यापुढं फिटर किसनराव यांच्या देखरेखीखाली राहील. म्हणजे माझा साहेब कोण, तर मामा!

पुढच्याच आठवड्यात यंत्र पुन्हा अडलं. मी तणतणत रजेचा अर्ज घेऊन मामांच्या टेबलाशी गेले. मामांनी चष्मा लावून अर्ज वाचला, कारणाच्या जागेवर बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाले,

"सुनंदे, 'राग आला' हे खोड आन् दुसरं कायबी लिही. ह्या कारणाला तुला रजा द्याया लागलो, तर तू कामावर येनार कवा?"